दाजींचे दोनशे वॅट

माझ्या धाकट्या भावाच्या हळदीला भाड्याचे भोंगे नकोत, आपल्या जीपमधला अॅम्प्लिफायर गावाला पुरून उरेल, असं दाजींनी परस्पर जाहीर करून टाकलं. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. कर्जत-कशेळे रस्त्यावर त्यांची जीप चालायची. अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ‘दोनशे वॅट’ छापलेलं होतं. वडिलांना जावई दुखवायचा नव्हता आणि हळदही मुकी जायला नको होती. मला रेडिओ दुरुस्तीचा नाद, म्हणून ते हळूच म्हणाले, “मोजून बघ रं.”

जीप अंगणात आली, तशी गाणी ऐकायला आळी जमली. मी स्पीकर सोडवला, गाण्याची सगळी ताकद आवाजाऐवजी उष्णता होऊन मोजता यावी म्हणून त्याच्या जागी शेगडीच्या कॉइलचा मापून तोडलेला तुकडा जोडला आणि तो तापू नये म्हणून पाण्याच्या तांब्यात सोडला. मग गाणं लावून, आवाज पूर्ण वाढवून तुकड्याला मीटर लावला. अंगणात चिडीचूप.

“गाणं कुठं हाय?” आईने विचारलं.

“तांब्यात,” मी म्हणालो.

मी आकडेमोड केली. वॅट भरले अठरा.

“तुझा मीटर बिघडलाय,” दाजी म्हणाले.

वडिलांनी तांब्यात बोट बुडवलं. “जावईबापू, दोनशे वॅटमध्ये पाणी कोमटसुद्धा नाय झालं. आमी चहाची आशा केली होती.”

दाजींनाच सगळ्यात आधी हसू फुटलं.

भोंगे शेवटी कशेळ्याहून आलेच, आणि तेही दाजींच्या जीपमधून. ते अठरा वॅट मात्र त्यांनी वाटभर वाजवले.