कोइमतूरला गेलेली फुलाबाई

निमगाव केतकीच्या गेणबानं पानमळ्यातल्या विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं, तेव्हा ते बघायला अर्धं गाव लोटलं होतं. गेणबाची बायको फुलाबाई मात्र लांब बांधावर उभी होती. "पट्ट्याच्या जवळ यायचं न्हाय, लुगडं गुंतंल," असा नवऱ्याचा हुकूमच होता. तिनं तो मोडला नाही. बांधावरूनच ती इंजिनाचा आवाज ऐकत राहिली.

फुलाबाई सुप्याकडची. त्या जिराईत रानात घागरभर पाण्यासाठी मैल मैल चालत ती लहानाची मोठी झाली होती. पाइपातून धो धो पडणाऱ्या पाण्याचं तिला असं वेड लागलं, की घरात भाकरी थापतानाही तिचा कान विहिरीकडे असायचा. वर्षभरात तिला इंजिनाची नाडी कळायला लागली. तेल संपत आलं की ठोका कसा पडतो, पट्टा सैल झाला की सूर कसा उतरतो, पंपात हवा शिरली की कशी घरघर लागते, सगळं ती घरबसल्या ओळखायची. गेणबा आधी हसायचा. पुढं पुढं तोच विचारायला लागला, "काय म्हणतंय गं आज?"

दोन वर्षांनी गेणबा तापानं गेला. तीन दिवसांचा ताप, एवढंच निमित्त. घरात उरल्या दोघी, फुलाबाई आणि तिची सासू चंद्राबाई. भावकीतल्या माणसांनी सल्ला दिला, इंजिन विकून टाका, बाईच्यानं ते व्हायचं नाही. फुलाबाईनं तेराव्यानंतर पदर खोचला, कासोटा आवळला आणि हँडल हातात धरलं. पहिल्या दिवशी हँडलनं असा उलटा झटका दिला की मनगट टम्म सुजलं. तिसऱ्या दिवशी इंजिन चालू झालं, तेव्हा चंद्राबाई मळ्याच्या वाटेवर येऊन उभी होती. घरी जाऊन तिनं सुनेचं मनगट हळदीनं शेकलं.

पंचावन्न सालच्या चैत्रात पंप अडला. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडची जाळी फाटून दगड वर ओढला गेला, आणि पंपाच्या पोटातल्या बिडाच्या पंख्याची दोन पाती तुटली. बारामतीच्या दुकानदारानं टपालानं नवा पंखा मागवून दिला. तो मोठा निघाला. परत मागवला, तो लहान निघाला. इकडं उन्हाचा कहर. पानवेल माणसासारखी दम धरत नाही, दोन पाळ्या चुकल्या की माना टाकते. शेजाऱ्यानं मोट दिली, पण तिच्यानं निम्म्याच मळ्याला पाणी पुरलं.

बारामतीचा फिटर युनूसभाई अधूनमधून इंजिन बघायला यायचा. तो म्हणाला, "फुलाबाई, असले पंप कोइमतूरला बनत्यात. तितंच हा तुटका पंखा दाखवून नवा वतून घ्यावा लागंल. पर ते पार मद्रासकडं हाय."

"मग जाऊ की," फुलाबाई म्हणाली.

युनूसभाईला वाटलं, चेष्टा करते. पण तिनं तुटका पंखा गोणपाटात बांधायलाही घेतला होता. गावात कुजबुज उठली. विधवा बाई, परका पुरुष, आणि मद्रास! चंद्राबाईनं ती पारावरच्या बायकांच्या तोंडून ऐकली आणि भर दुपारी वाड्यावस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीबी चालले सुनंसंगं. कुणाला काय इचारायचं आसंल त्यानं मला इचारावं."

मग तिघं निघाली.

बारामतीहून छोट्या गाडीनं दौंड, दौंडहून मद्रास मेल, मग अर्कोणमला गाडी बदल. युनूसभाईची हिंदी रायचूरपर्यंत चालली, पुढं पुढं ती कुणाला कळेना. चंद्राबाईनं बांधून आणलेल्या दशम्या तिसऱ्या सकाळी संपल्या. तेवढ्यात गाडी एका वळणावर आली आणि फुलाबाईनं खिडकीतून पाहिलं. लांबवर निळे डोंगर होते. पश्चिमेला, उत्तरेला, नजर टाकावी तिकडे डोंगर, माथ्यावर ढग टेकलेले. आणि त्यांच्या मधल्या सपाटीवर चिमण्याच चिमण्या, धूर सोडणाऱ्या.

"आगं बया," चंद्राबाई म्हणाली, "डोंगरांनी कोंडाळं करून गाव मधी घेतलंय जणू."

तिघं स्टेशनाबाहेर पडली तोच कुठल्याशा गिरणीचा भोंगा झाला. रस्ता माणसांनी भरून गेला, आणि त्यात बाया किती तरी! केसांत मोगरा, हातात जेवणाचे डबे, झपझप चालत गिरणीच्या फाटकात शिरणाऱ्या. फुलाबाई फुटपाथवर खिळून उभी राहिली. शेतात राबणाऱ्या बाया तिनं जन्मभर पाहिल्या होत्या. पण यंत्रावर जाणाऱ्या बायांचा असा लोंढा, आणि त्यांच्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

"आत्याबाई, ह्या समद्या मशिनीवर काम करत्यात," ती म्हणाली.

"दिसतंय मला," चंद्राबाई म्हणाली. तीही बघतच राहिली होती.

विचारत विचारत ते पंप बनवणाऱ्या एका ओतशाळेत पोचले. तिथला कारकून मुंबईला राहून आलेला, त्याला हिंदी येत होती. त्यानं गोणपाट उघडून पाहिलं आणि सांगितलं, इथं ठेवून जा, पंधरा दिवसांनी पार्सल येईल. युनूसभाई विनवण्या करू लागला. चंद्राबाई पायरीवरच बसली.

आतल्या अंगणात नवे पंप ओळीनं मांडून चालवून बघत होते. दहा-बारा पंपांचा एकच कल्लोळ चालला होता. फुलाबाई त्या दिशेला तोंड करून उभी होती. जरा वेळानं ती म्हणाली, "युनूसभाई, त्यास्नी सांगा, भिंतीकडनं तिसरा पंप घासतोय. आत कायतरी तिरकं बसलंय."

युनूसभाईनं सांगितलं. कारकून हसला. पण पंपांजवळ उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मिस्तरीनं हातवाऱ्यांवरून काय ते ओळखलं. त्याचं नाव आरुमुगम. काळा, सडपातळ, भुवया भट्टीच्या धगीनं करपलेल्या. त्यानं एक लाकडी काठी घेतली, एक टोक पंपाला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. मग पंप बंद करून खोलायला लावला. आतली बुश, म्हणजे दांड्याभोवतीची पितळी नळी, एका अंगाला घासलेली होती.

आरुमुगम फुलाबाईकडे वळला. मग त्यानं आपल्या कानाच्या पाळीला दोन बोटं लावली आणि मान डोलावली. कारकुनाच्या टेबलावरचा तुटका पंखा त्यानं स्वतः उचलला आणि आत चालू लागला. मागं वळून त्यानं तिलाही यायची खूण केली.

तीन दिवस ते धर्मशाळेत राहिले आणि तिन्ही दिवस फुलाबाई सकाळपासून ओतशाळेत बसून होती. आरुमुगमनं तुटक्या पात्यांच्या जागी लाकडाची पाती घडवून चिकटवली, प्रत्येक कड पट्टीनं मोजली. काळी ओली वाळू पेटीत भरून तिच्यात तो पंखा दाबला आणि इतक्या हलक्या हातानं वर उचलला, की वाळूचा एक कण ढळला नाही. तिसऱ्या दिवशी भट्टीचं तोंड फोडलं आणि लाललाल बीड वाळूतल्या त्या पोकळीत उतरलं. अंगाची आग होत होती तरी फुलाबाई मागं सरली नाही.

एक बिघडला तर हाताशी असावा म्हणून त्यानं दोन साचे करून दोन पंखे ओतले होते; गार झाल्यावर ते तिच्यापुढं दोरीनं टांगले आणि हातोडीनं एकेक ठोका दिला. एकाचा नाद घंटेसारखा लांबला. दुसरा जरा लवकर विझला, अगदी जरासाच. फुलाबाईनं दुसऱ्याकडं बोट करून मान हलवली. आरुमुगमनं तो उजेडाला धरून केसाएवढी चीर दाखवली आणि भंगारात टाकला. पहिला पंखा त्यानं तिच्या ओंजळीत ठेवला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाला.

"काय म्हणालं ते?" तिनं विचारलं.

कारकून आता हसत नव्हता. "म्हणतात, ही बाई इथं राहत असती तर मी तिला माल तपासायला ठेवलं असतं."

फुलाबाईनं वाकून म्हाताऱ्याला नमस्कार केला.

निमगावात नवा पंखा पहिल्याच फटक्यात बसला. निम्मा मळा वाळून गेला होता, त्याचं दुःख तिनं केलं, पण बसून राहिली नाही. वाचलेल्या वेलांचे फाटे कापून तिनं पावसाळ्यात नवी लागण केली. दुसऱ्या वर्षी पानं परत बाजारात गेली.

कोइमतूरची गोष्ट युनूसभाईनंच चारीकडे केली. कुणाचं इंजिन कुरकुरलं की तो म्हणायचा, आधी फुलाबाईला ऐकवा, मग मी खोलतो. जळोचीहून बैलगाड्या यायला लागल्या, इंदापूरच्या अंगाची माणसं मोटारीनं येऊन बोलवायला लागली. ती जायची, पण एक अट घालायची. "घरातली एक बाई माझ्याजवळ हुबी करा. मी काय आयकते ते तिला दावीन." काही जण नाक मुरडायचे. इंजिन बंद असायचं, मग कबूल व्हायचे.

अठ्ठावन्न सालापर्यंत एकट्या निमगावात चार बाया इंजिन चालवू लागल्या. चौथी द्वारकाबाई, मुलखाची भित्री. हँडल धरायला तिला आठ दिवस लागले. एका सकाळी तिनं डोळे मिटून जोर लावला, इंजिन धडधडलं, आणि ती हँडल टाकून चार पावलं पळाली.

"डोळं उघड की," फुलाबाई हसत म्हणाली. "पाणी आलंय, बघ."

द्वारकाबाईनं डोळे उघडले. पाट भरून वाहत होता आणि पहिल्या वाफ्यात पाणी शिरत होतं.