कुशाबाकाकांच्या बादल्या

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरून अंग चोरूनच जावं लागतं, कारण अर्धी गॅलरी कुशाबाकाकांच्या बादल्यांनी अडवलेली आहे. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहते, तेव्हा अडखळण्याचा पहिला मान माझा. एकदा पायाचं नख उचकटलं तेव्हा मी काकांना जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वर मला मूठभर भेंडी दिली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

काका फिटर होते. रिटायर झाले तरी हात स्वस्थ बसेनात. आधी त्यांनी कुंड्या मांडल्या. त्यांचं पाणी झिरपून खालच्या मजल्यावरच्या हितेंद्रच्या पांढऱ्या शर्टांवर मातीचे ओघळ उतरले आणि त्या भांडणावर अख्ख्या चाळीची करमणूक झाली. मग काकांनी डोकं चालवलं. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या एकात एक बसवल्या. खालच्या बादलीत पाणी, वरच्या बादलीत माती. वरच्या बादलीच्या बुडातून, भोकं पाडलेला श्रीखंडाचा डबा मातीनं भरून खाली पाण्यात सोडला. डब्यातली माती पाणी वर ओढते आणि झाड हवं तेवढंच पितं. पाणी भरायला कडेला पाइप, जास्तीचं पाणी निघायला बाजूला भोक आणि भोकाखाली करवंटी. हितेंद्रचे शर्ट वाचले.

पण आमच्या बायका! वरची माती कोरडी दिसली की यांचा जीव कळवळतो. आंघोळ करून तुळशीला पाणी घालायला निघालेली प्रत्येक जण जाता जाता काकांच्या बादलीतही तांब्या रिकामा करायची. पुण्य यांच्या पदरात आणि मुळं कुजायची बिचाऱ्या मिरचीची. शेवटी काकांनी पाटी लावली, 'वरून पाणी घालू नये. झाड तहानलेलं नाही.'

यंदा मात्र गोष्ट गमतीची राहिली नव्हती. सुभद्राकाकी, म्हणजे काकांची बायको, दरवर्षी गणपतीला मालवणकडे गावी जाते आणि ऋषिपंचमीचा उपास सोडत नाही. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं, हातानं लावलेलीच भाजी चालते. गावी घरामागे तशी भाजी असते. यंदा मे महिन्यात काकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चार महिने प्रवास बंद केला.

मी म्हटलं, "काकी, दादरला ऋषीच्या भाजीचे वाटे मिळतात, मी आणते."

"बैल जुपलेल्या शेतातली भाजी माका चलाची नाय," काकी म्हणाली. "एक केळा खाईन नि पडान रवान."

हल्ली ट्रॅक्टर असतो, बैल कुठला, असं तिच्या मुलानं, राजेशनं सांगून पाहिलं. तिनं तोंड फिरवलं. तिचे डोळे भरले होते, ते मला दिसले. काकांनाही दिसले असणार. कारण त्याच आठवड्यात त्यांनी आणखी बादल्या गोळा केल्या आणि जाहीर केलं, "सुभद्रे, तुका ऋषीची भाजी मी हयच खावक घालतंय."

आणि खरंच, अळू असं माजलं की पानांखाली मांजर झोपायला लागलं. लाल माठ, भेंडी, गॅलरीच्या गजांवरून लोंबणारं पडवळ. आम्ही सगळ्या येता-जाता पडवळाची लांबी बघायचो.

पंचमीच्या सकाळी काकी खुर्चीत बसून अळू चिरत होती, चूल माझ्याकडे होती. काका दारात जमलेल्यांना फुशारकीनं सांगत होते, "मातीत अर्धा शेणखत घातलंय."

काकीची सुरी थांबली. "कोणाचा शेण?"

"गायीचाच असतला," काका म्हणाले. राजेशनं खाटेखालून खताची रिकामी पिशवी ओढून काढली. तिच्यावर ठळक चित्र होतं, धष्टपुष्ट बैलजोडीचं.

सगळेच एकदम बोलायला लागले. चित्रावर काय जायचं, साबणावर गुलाब असतो म्हणून त्यात गुलाब असतो का, असं हितेंद्र म्हणाला. मला त्या पिशवीवाल्याचा असा संताप आला! गाय छापायला काय धाड भरली होती मेल्याला? काका मात्र हात धुवायलाही न उठता उंबऱ्यावर बसून राहिले, नखांत माती तशीच. इतकं केविलवाणं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला रडूच येईल असं वाटलं.

काकीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं सुरी पुन्हा उचलली.

"बैलाक शेण टाकूक खंय कष्ट पडतत?" ती म्हणाली.

गॅलरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. खालून हितेंद्रची बायको काय झालं म्हणून विचारायला वर आली. काकांनी घाईघाईनं डोळे पुसले, तर मातीची रेघ गालभर ओढली गेली.

दुपारी काकीनं पहिला घास घेतला. काका समोर उभे, श्वास रोखून.

"अनुजा, मीठ कमी घातलंस गो," ती मला म्हणाली, आणि आणखी भाजीसाठी ताट पुढे केलं.