उघड्या तोंडाचा आठ

१२ फेब्रुवारी २०२५. एक लाख अठरा हजार सहाशे चाळीस रुपये. निकेलच्या बारीक भुकटीची एवढी किंमत, आणि बरणी एकच. पुण्याच्या कंपनीने ती तंजावूरच्या कल्याणरामच्या हवाली केली होती.

कल्याणराम मूळचा भातगिरणीतला बॉयलरवाला. आता तिरुवैयारु रस्त्यावरच्या त्याच गिरणीमागे तो सांडपाण्यातून निघणारा मिथेन भट्टीत सोडी. तापलेल्या निकेलवर वायू फुटे आणि कार्बनच्या नळ्या उगवत, केसाच्या हजारव्या हिश्शाहून बारीक. बॅटरीवाल्यांना त्या हव्या होत्या. दोन घाणे फसले होते. तिसरा फसला तर गिरणीमालक भट्टी भंगारात काढून कल्याणरामला घरी बसवणार होता.

पुण्याची रसायनतज्ज्ञ सुप्रभा येऊन गेली, तेव्हा त्याने छाती फुगवून सांगितले होते, "आम्ही मराठीच. तीनशें वरसें घरांत हीच भाषा." म्हणून तिने कौतुकाने सूचना मराठीत लिहून पाठवली: भुकटी आधी हायड्रोजनमध्ये, ४५० अंश, ४ तास.

कल्याणरामला देवनागरी येत नव्हती; भुकटी आधी हायड्रोजनमध्ये तापवायची, एवढे तिने भेटीत तोंडी सांगितले होते. पाच आणि शून्य त्याने पाचशेच्या नोटेवरून ताडले. पहिला आकडा त्याला वरून तोंड उघडे राहिलेला आठ दिसला. विचारायची लाज वाटली. त्याने भट्टीला आठशे पन्नास लावले. तासही मग आठच.

काटा चारशेवर आला आणि त्याची नजर सिलिंडरकडे गेली. हायड्रोजन पाच तासांपुरताच होता, आणि तो पुण्यानेच मोजून दिलेला. त्याने फोन लावला. नुसता वाजत राहिला. चारशे साठ. पुन्हा लावला. पाचशे.

"बोला, काका."

"बाई, भुकटी किती अंशांवर?"

"लिहिलंय की."

"लिहिलंय. मला वाचाया येत नाही."

"साडेचारशे. आत्ता किती आहे?"

"पाचशे वीस."

"बंद करा. सहाशेला निकेलचे गोळे होतील, मग सगळं वाया."

वीज तोडली तरी भट्टी ऐकेना. पाचशे पन्नास. पाचशे ऐंशी. फोन कानाशी धरून तो तमिळमध्ये आकडे पुटपुटत राहिला. पाचशे अठ्ठ्याऐंशीला काटा थबकला आणि हळूहळू मागे फिरला.

"तीनशे वर्षं बोलताय, काका, अन् चार ओळखत नाही?"

"बोलाया आई होती. लिहाया कोण होतं, बाई?"

पुन्हा साडेचारशेला चार तास धरायचे, तर हायड्रोजन अपुरा. गावातल्या टेम्पोवाल्या राममूर्तीकडून दुसरा सिलिंडर आणवावा लागला. दुसऱ्या दिवशी मिथेन सोडल्यावर भट्टीतून काळा, कापसासारखा हलका माल निघाला. पुण्याने तपासून तो घेतला. भट्टी राहिली, कल्याणरामही राहिला.

राममूर्तीचे टेम्पोभाडे, एकशे वीस रुपये, अजून द्यायचे आहे.