सीटमागचं झाकण

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत होतो. त्याचा मुलगा "काका, बाबा गेले" एवढंच म्हणाला आणि मी म्हणालो, "बरं." बरं काय, डोंबल! पण तोंडातून तेच निघालं. त्याला आता महिना झाला.

रियाधला आम्ही सहा वर्षं एका खोलीत काढली. मी इस्पितळाच्या लॅबमध्ये, तो एका गॅरेजात गाड्यांच्या फायबर बॉडीची कामं करणारा. दोघंही चिपळूणकडचे, त्यामुळे भांडायला विषय कमी पडत नसत. त्याच्या कफीलकडे, म्हणजे मालकाकडे, एक अमेरिकन कॉर्व्हेट होती, ब्याऐंशीची. लांब नाकाची, सगळं अंग फायबरचं. त्या घाटाची ही शेवटची, पुढच्या वर्षी तर गाडी बाजारात आलीच नाही, हे दिनकरनं मला इतक्यांदा ऐकवलं होतं की फोडणी देता देता मी कान बंद करायचो. त्या गाडीवरचा ओरखडा तो डोळे मिटून बोटानं शोधायचा. आणि त्याचा नेम कडक... बॉडीवाल्यानं आतल्या कशालाही हात लावायचा नाही. सीटवर बसायचा तोसुद्धा स्वतःचा टॉवेल टाकून.

नव्वद साली इराकनं कुवेत घेतलं. पुढची पाळी आपली म्हणून कफील बायकापोरांना घेऊन जेद्दाला गेला. गाडीची चावी आधीपासूनच दिनकरकडे; रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. आणि ऐन त्यात गावाहून तार आली, आई अत्यवस्थ. पासपोर्ट कफीलकडे, जेद्दाचा नंबर कुणाकडेच नाही, आणि जिथे जावं तिथे कफीलची सही मागत. विमानं मात्र अजून चालू होती, रोज डोक्यावरून जायची.

तिसऱ्या दिवशी दिनकर म्हणाला, "सीटमागे झाकणाचा कप्पा आहे. मालक त्यात कागदं ठेवतो. नंबर मिळेल. उघडू का?"

"उघडू नकोस," मी म्हणालो. "चोरीचा आळ आला तर आईही नाही आणि नोकरीही नाही."

शहाणा ना मी! त्यानं ऐकलं. माझं तो नेहमीच ऐकायचा. बाराव्या दिवशी दुसरी तार आली. आई गेली. मी भात लावला.

युद्ध संपल्यावर कफील परतला आणि दिनकरला पाहून चकितच झाला. "तुम अभी तक इधर?" त्यानं सीटमागचं झाकण उचललं. आत दिनकरचा पासपोर्ट, जाऊन परत यायचा शिक्का मारलेला. लढाईची चाहूल लागताच त्यानं तो करून आणला होता. निघाला त्या सकाळी दिनकर बाजारात गेलेला. रोज गाडीत बसतो, दिसेलच, असं त्या भल्या माणसानं धरलं.

दिनकर मला एका शब्दानं बोलला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर सोसवलं असतं.

परवा त्याच्या घरी भेटायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "आईची भेट चुकली ती माझ्या भित्रेपणानं, असं शेवटपर्यंत म्हणायचे हो. उघडायचा धीर झाला नाही म्हणे. भाऊजी, तुम्ही सांगितलं असतंत तर उघडलं असतं त्यांनी. तुमचं ऐकायचे."

मी मान हलवली. चहा पुढे आला, तो प्यायलो आणि निघालो...

हे छापून येईल ती पुरवणी वहिनी वाचतात. वहिनी, त्याला धीर होता. उघडू नकोस असं मी म्हणालो होतो.