गावंडे सरांचे इंग्रजी

क्रियाविशेषणांचा धडा आला की गावंडे सर तिघांना फळ्यासमोर चालायला लावत. "तू हळू चाल. तू याच्याहून हळू. अन् तू सगळ्यात हळू." तिसरा जागचा हलतच नसे. पोरे हसत, आणि सर फळ्यावर लिहीत: स्लोली, मोअर स्लोली, मोस्ट स्लोली.

अमरावतीत राजापेठेतल्या एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. मुले बहुतेक मराठी शाळांतली, खेड्यांतून येऊन राहिलेली. बी.ए. झाल्यावर मी तिथे मदतीला लागले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मला इंग्रजी येत होते, समजावता येत नव्हते. हिवरखेडच्या हर्षदाने विचारले, "फास्टली का नाही, मॅडम?" मी म्हणाले, ऐकायला बरे वाटत नाही.

सरांनी मला बाहेर बोलावले. "पोरी, तुले कानानं येते. याईच्या कानावर इंग्रजी पडलीच कुठं?" मग आत जाऊन म्हणाले, "एलवाय म्हणजे शेपूट. फास्ट, हार्ड हे बिनशेपटीचे जनावरं. शेपूटवाल्याच्या पुढं मोअर लावा, बिनशेपटीवाल्याच्या मागं ईआर. अर्ली तेवढा वांड आहे, शेपूट असून ईआर घेते."

हे सांगतानाही त्यांच्या गालात खर्रा असे. तंबाखू-सुपारीची ती पुडी संपली की खाली टपरीवरून दुसरी येई.

तोंडी परीक्षेची तयारी मी घेऊ लागले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सगळी बॅच दात जवळजवळ मिटून इंग्रजी बोलत होती. हर्षदाला म्हटले, "तोंड उघडून बोल."

"पण सर असंच बोलते ना, मॅडम. इंग्रजी असंच बोलतात."

मी सरांकडे पाहिले. ते कचोरीचे बारीक तुकडे करून ओठांतून आत सरकवत होते.

मला चारचौघांत वेळ विचारायलाही धीर लागतो. तरी क्लास सुटल्यावर मी म्हणाले, "सर, पोरं तुमच्यासारखं बोलतात."

"चांगलंच आहे मंग."

"दात न उघडता."

सरांनी तोंड उघडून पाहिले. जेमतेम एक बोट आत गेले. "तिखट तर कधीचंच खाल्लं जात नाही," ते म्हणाले. "डॉक्टरकडं गेलो तर तो पयले बोलणं बंद करीन. मंग याईले कोण शिकवीन? तू? तुहा आवाज दुसऱ्या बाकावर पोचत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फळ्यासमोर उभे केले आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसले. "ऐकू येऊन नाही राहिलं, मॅडम," ते मधूनमधून म्हणत. पोरे खुसखुसत. काही दिवसांनी ते तसे म्हणेनासे झाले, आणि मग अकोल्याला मुलीकडे गेले. तिथे ऑपरेशन झाले. अर्धा जबडा काढावा लागला.

मी भेटायला गेले. जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत मुलीचे घर होते. ती दारातच म्हणाली, "बाबा काय म्हणतात ते आम्हाले समजत नाही. मग चिडतात, अन् भिंतीकडे तोंड करून पडतात."

मला पाहून सर काहीतरी बोलले. मुलीने माझ्याकडे पाहिले. मला कळले होते. तसले बोलणे मी बॅचमध्ये रोज ऐकले होते.

"पोरं तोंड उघडून राहिले काय, असं विचारतात," मी तिला सांगितले. आणि सरांना म्हणाले, "उघडतात, सर. हर्षदा तर ओरडतेच."

त्यांनी टॉवेलने हनुवटी पुसली आणि आणखी काही म्हणाले. बराच वेळ बोलले. त्यातले मला काहीच कळले नाही. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी मान डोलावली, आणि सर शांत पडून राहिले.

पुढच्याच महिन्यात ते गेले.