विशाखाने नापास केलेल्या रिंगा

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम एक लाख एक हजार रुपये, पांढऱ्या पाकिटात. हजर होतो मी, माझी मुलगी सुजाता, माझा मेहुणा मिलिंद, माझ्या पत्नीच्या जुन्या कंपनीचे मालक, त्यांचे मॅनेजर आणि कॉलनीतली व नात्यातली मिळून शंभरेक माणसं. माझी पत्नी विशाखा हिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आमच्या विहारात चालू होता. वंदना झाली, दोन-तीन जण बोलले, आणि मग मालकांनी माइक घेतला. म्हणाले, "विशाखा मॅडम म्हणजे आमच्या क्वालिटीचा कणा. आज आमच्या रिंगा मिथेनॉलवर चालणाऱ्या जहाजांपर्यंत पोहोचल्या. त्या एकेका रिंगमागे मॅडमची तपासणी आहे. नव्या लॅबला आम्ही मॅडमचंच नाव देणार आहोत." समोरच्या माना हलल्या. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे... कारण त्या रिंगा विशाखाने नापास केल्या होत्या, आणि त्या नापास केल्या म्हणूनच मार्चमध्ये तिला राजीनामा द्यावा लागला होता.

विशाखा मेंदूतल्या रक्तस्रावाने गेली. वय एकोणपन्नास. सकाळी सुजाताचा डबा भरत होती. कंपनीमुळे गेली असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नाही आणि जे मला मोजता येत नाही ते मी लिहीत नाही. पण जे मोजता येतं, ते मात्र पूर्ण लिहिणार आहे.

ती मूळची नांदगावची, शिक्षकाची मुलगी, रसायनशास्त्राची पदवीधर. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी पगार विचारला. मी हिशेबाच्या कामातला माणूस, मी कपात वजा करून हातात पडणारा आकडा पैशांसकट सांगितला. आतून चहा घेऊन येणारी ती दारातच थांबली आणि म्हणाली, "पॉइंटनंतर दोन आकडे?" तिचे वडील ओशाळले. मी मात्र तिथेच होकार ठरवून टाकला. सातपूरच्या त्या कारखान्यात ती बावीस वर्षं होती. इंजिनाच्या नळ्या जिथे एकमेकींना जोडतात तिथे काळी रबरी रिंग बसवतात, कुकरच्या झाकणाला असते तशीच, फक्त बारीक. त्या रिंगा तिथे तयार होतात. विशाखाचं काम त्या तपासायचं. मोजमापाची तिला इतकी सवय की घरी कुकरची नवी रिंग आणली तरी ती आधी व्हर्नियरच्या मापपट्टीत धरायची. सुजाता म्हणायची, "मम्मी, पोळी मोजून वाढ एकदा." तर ही खरंच मोजून दाखवायची आणि वर सांगायची की पप्पांच्या पोळीपेक्षा तुझी लहान निघाली, कारण तू मला घाई केलीस.

मिथेनॉल हा शब्द आमच्या घरात मिलिंदमुळे आला. तो मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये काम करतो. सहा-सात महिने समुद्रात, मग नाशिकला. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा त्याने सांगितलं की आता नवी जहाजं मिथेनॉलवरही चालतात. जहाजाचं जुनं तेल डांबरासारखं घट्ट, जळताना काजळी आणि गंधक सोडणारं. मिथेनॉल एक प्रकारचं अल्कोहोल, पाण्यासारखं पातळ, साध्या तापमानाला द्रवच राहणारं. विशाखाला हे फार आवडलं. पण तिने लगेच विचारलं, हे बनवतात कशापासून? कचऱ्यापासून, शेतातल्या काडीकचऱ्यापासून किंवा धुरातून पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनवलं तर ठीक. कोळशापासून बनवलं तर धूर जहाजाऐवजी कारखान्यात निघणार, एवढाच फरक. मिलिंद हसला. "ताई, आम्हाला ते कोण सांगतंय? आम्हाला एवढंच शिकवलं की गळती होऊ द्यायची नाही. डिझेल गळालं तर दिसतं, वास येतो, बोटाला चिकटतं. हे पेटलं तरी उजेडात ज्वाळा दिसत नाही गं. आणि वाफ अंगात गेली तर विष." त्या रात्री ती कुकरची रिंग बोटांत फिरवत बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "न दिसणारी आग... आणि तिला अडवायला माझी रिंग."

पुढे तिच्याच कारखान्याला तशा रिंगांचं काम मिळालं. गेटवर हिरवा फलक लागला, पेढे वाटले गेले. मला त्या फलकाची आजही चीड येते. कारण ऑर्डर घेताना जो भाव दिला होता, तो जुन्याच रिंगांचा होता. त्या कारखान्यात रिंग तपासायची एक जुनी रीत होती. रिंग रात्रभर डिझेलमध्ये बुडवायची, सकाळी काढून पुसायची, खाचेत बसवून पाहायची. बसली की पास. तीस वर्षं हीच रीत. नव्या कामालाही त्यांनी तीच लावली, फक्त डिझेलऐवजी मिथेनॉल घेतलं. रात्रभर बुडवलं, सकाळी रिंग खाचेत बसली. फोरमन भाऊराव, चांदवडकडचे, विशाखाला बहिणीसारखं मानणारे, ते म्हणाले, "मॅडम, डिझेलनी काय केलं नाय तर हे पाण्यावानी पातळ काय करनार? बसली की रिंग. लय इचार नका करू."

विशाखा एका रात्रीवर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी मोजल्या, परत बुडवल्या. तिसऱ्या दिवशी मोजल्या. तिसऱ्या दिवशी त्या खाचेत बसेनात, इतक्या फुगल्या होत्या. नखाने दाबलं तर खूण तशीच राही. मग तिने दुसऱ्या जातीचं रबर घेतलं. ते मिथेनॉलमध्ये छान टिकलं, पण डिझेलमध्ये फुगलं. आणि ही इंजिनं तर दोन्हींवर चालणारी, आज हे, उद्या ते. दोन्हींत टिकणारी रिंग असते, पण ती कितीतरी पट महाग, आणि भाव तर देऊन झालेला. तिने अहवालावर "नापास" लिहिलं, खाली रोजची मापं जोडली आणि तीच मापं आपल्या निळ्या वहीत उतरवून घेतली. तशी ती रोजच उतरवायची, बावीस वर्षं.

मॅनेजरने तिला बोलावून सांगितलं की ग्राहकाने फक्त चोवीस तासांची चाचणी मागितली आहे, तेवढंच लिहा आणि पासवर सही करा. खोटं काहीच नाही, चोवीस तासांत रिंग बसतेच. ती घरी आली आणि मला विचारलं, काय करू? आता मी काय केलं ते लिहितो. मी कागद घेतला. घराच्या कर्जाचा हप्ता अठरा हजार चारशे, सुजाताची फी, माझ्या निवृत्तीला उरलेली वर्षं, सगळं मांडलं आणि कागद तिच्यासमोर सरकवला. म्हणालो, "एक सही तर आहे. आणि कागदावर खोटं काहीच नाही." तिने माझी बेरीज तपासली. बरोबर होती. म्हणाली, "अहो, हिशेब बरोबर आहे. यात मिलिंद कुठे धरलाय?" मी म्हणालो, मिलिंदच्याच जहाजावर ती रिंग जाईल कशावरून? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला अजूनही तो कागद आठवला तरी मान वर करवत नाही. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आली.

मी नंतरही एक चूक केली. ती म्हणत होती की ग्राहकाला एक पत्र लिहावं. मी म्हणालो, नापास केलास ना माल, आता तो जाणार कसा, विसर. तिलाही तेच वाटलं असावं. बावीस वर्षांत तिने नापास केलेला माल गेटबाहेर गेला नव्हता, हा तिचा विश्वास होता. पुढचे सात-आठ महिने ती कॉलनीतल्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होती, फी न घेता, आणि दुपारी कधीतरी उगाच ती निळी वही चाळत बसायची...

म्हणून त्या रविवारी मालक माइकवर बोलले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो माल गेला. कार्यक्रम संपल्यावर चपलांपाशी भाऊराव भेटले. डोळे पुसत होते. मी विचारलं, सर्टिफिकेटवर सही कोणाची आहे? ते इकडेतिकडे पाहत म्हणाले, "सही मॅनेजरची हाय. पण तपासणी कोणी केली त्या रकान्यात मॅडमचं नाव छापलंय, दादा. चोवीस तासांची मापं त्यांचीच घेतली ना. मी बोललो नाय... माझी दोन वर्षं राहिलीत."

दुःख काय असतं ते मला आठ दिवसांपूर्वी कळलं होतं. हे निराळं होतं. जिवंतपणी जी सही तिने दिली नाही, ती परस्पर तिचं नाव छापून मिळवली होती, आणि वर तिच्याच फोटोसमोर उभं राहून तिचं कौतुक चाललं होतं. मालकांनी रक्कम मोठ्याने सांगत पाकीट पुढे केलं तेव्हा मी हात मागे बांधले. पाकीट त्यांच्याच हातात राहिलं.

बुधवारी मी कारखान्यात गेलो. मालकांनी चहा मागवला. मी म्हणालो, मला दोन गोष्टी हव्यात: विशाखाचं नाव त्या कागदावरून काढा, आणि तिचा पूर्ण अहवाल ग्राहकाला पाठवा. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आपण गेलेल्या माणसाचं नाव मोठं करतोय आणि तुम्ही ते कागदावरून पुसायला सांगताय? माल परत बोलावला तर हे दार बंद होईल. पन्नास घरं आहेत माझ्याकडे. आणि आजपर्यंत कुठे काही झालंय का?" पन्नास घरांचा मुद्दा खोटा नव्हता. मीही एका घराचा हिशेब मांडून तेच बोललो होतो, म्हणून मला तो चांगला ओळखता आला. मी एवढंच विचारलं की तिसऱ्या दिवशी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे ना? त्यांनी चहा संपवला आणि घड्याळ पाहिलं.

घरी आल्यावर आम्ही तिघं बसलो. मला एक शंका होती: ती वही विशाखाची, पण मापं कंपनीच्या लॅबमधली, ती बाहेर पाठवणं चोरी ठरेल का? मिलिंद म्हणाला, "दाजी, मला पुढच्या महिन्यात जहाज मिळणार. मी कंपनीला सांगून दुसरं जहाज घेऊ शकतो. पण त्या इंजिनरूममध्ये कोणीतरी उभा राहणारच ना? त्याला ताई नाही." सुजाता म्हणाली, "पप्पा, मम्मीने विचारलं होतं तेव्हा तुम्ही बेरीज केली. आता नका करू." एकोणीस वर्षांच्या मुलीकडून ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं.

सुजाताने वहीतल्या त्या मापांच्या सात पानांच्या प्रती काढल्या. मी पत्र लिहिलं, एका पानाचं, एकही विशेषण न घालता: कोणत्या दिवशी किती माप, कोणी घेतलं, "नापास" कोणी लिहिलं, राजीनामा कधी, आणि सर्टिफिकेटवर तिचं नाव तिच्या संमतीशिवाय आहे. एक पाकीट रिंगा घेणाऱ्या कंपनीला, दुसरं जहाजांची तपासणी करणाऱ्या संस्थेला. सोमवारी पोस्टात गेलो. पाठवणाऱ्याच्या जागी मी विशाखाचं नाव लिहिलं होतं. मला वाटलं, हे काम तिचं आहे. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?" म्हटलं, रिपोर्ट. "कोणाचा?" म्हटलं, माझ्या मिसेसचा. त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "बरं आहे ना आता त्यांना?" मी पाकिटं पुढे सरकवली. त्यांनी पाकीट परत सरकवलं. "यावर मोबाइल नंबर लागेल काका. उद्या तिकडून काही विचारणा झाली तर कोणाला फोन करायचा?"

खरंच होतं. विचारणा झाली तर उत्तर मलाच द्यायला हवं. मी दोन्ही पाकिटांवरचं तिचं नाव एका रेघेने खोडलं, वर माझं पूर्ण नाव लिहिलं, पत्ता, नंबर, आणि आतल्या पत्राखाली केली होती तशीच पूर्ण सही बाहेरही केली, कोणी मागितली नसताना. आज तीन आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही. लॅबवर तिच्या नावाची पाटी लागल्याचं मात्र भाऊरावांनी कळवलं आहे. त्या दिवशी दोन्ही पाकिटांचे मिळून एकशे चौपन्न रुपये झाले. सुटे दिले, खिडकीतल्या बाईंच्या हातात.