उंचावरची वाइन आणि आप्पांचा पांढरा शर्ट

माझ्या सासऱ्यांना आमच्या स्वयंपाकघरात गोळी लागली नव्हती, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो.

झालं असं, की आमच्या केतकीने डॅनियल नावाचा मुलगा पसंत केला आणि त्याचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे, अमेरिकेत अल्फारेटाला, जेवायला येणार होते. अमेरिकन व्याही म्हणजे वाइन हवीच, असं मी ठरवलं. (मला कोणी विचारलं नव्हतं.) दुकानात फ्रेंच बाटल्यांच्या किमती वाचूनच घाम फुटला. विक्रेत्याला दया आली असावी. त्याने मला कोपऱ्यातल्या फळीकडे नेलं. अर्जेंटिनाची एक पांढरी, एक लाल. द्राक्षमळे डोंगरात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर! दिवसा कडक ऊन, रात्री कडाक्याची थंडी, म्हणून चव झकास. आणि नाव फारसं कोणाला ठाऊक नाही, म्हणून स्वस्त. उचलल्या दोन्ही.

घरी माझे सासरे, आप्पा, मुक्कामाला होते. निफाडला चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. वाइनचा थेंब कधी घेतला नाही, पण द्राक्षाच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेत नाहीत.

"दोन हजार मीटरवर?" आप्पा म्हणाले. "मग तोडणीला काय हेलिकॉप्टर लावतात?"

"आप्पा, उंचीवरच्या उन्हाने मण्याची साल जाड होते."

"जावईबापू, जाड सालीचा माल आमच्याकडे व्यापारी हातात धरत नाही."

पांढरी थंडगार हवी म्हणून ती मी सकाळीच फ्रीझरमध्ये टाकली आणि विसरलो. लाल मात्र आधी उघडून ठेवायची होती, तिला म्हणे श्वास घ्यायला लागतो. पाहुणे सहाला येणार, म्हणून पाचला बूच काढायला बसलो. अर्धं बूच हातात आलं, अर्धं बाटलीतच!

"अरे, राहू दे ना," माझी बायको अनघा म्हणाली. "मस्त ताक केलंय, तेच देऊ."

"व्याह्यांना ताक?"

"बाबा, दे डोन्ट केअर!" केतकी करवादली.

"मी बाटली धरतो," आप्पा पुढे सरसावले. "तुम्ही बूच आत ढकला. हाय काय अन् नाय काय!"

मी लाटण्याचं टोक बुचावर टेकवलं आणि सगळं वजन टाकलं. (माझं वजन हा वेगळा विषय आहे.) बूच आत गेलं. वाइन बाहेर आली. कारंजंच! छत, भिंत, आणि आप्पांचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर अगदी मधोमध!

"अगं आई गं!" म्हणत आप्पा छाती धरून खाली बसले. आणि नेमकी बेल वाजली. पाऊण तास आधी!

डॅनियलची आई, लिंडा, इमर्जन्सी वॉर्डात नर्स आहे. तिने दारातूनच आप्पांना पाहिलं आणि पर्स फेकून धावली.

"ओ माय गॉड! सर, स्टे विथ मी!" तिने त्यांना आडवं पाडून छातीवर नॅपकिन दाबून धरला.

"नो, नो!" आप्पा खालून ओरडले. "ग्रेप्स! ग्रेप्स!"

"ही इज कन्फ्यूज्ड! आइस! समबडी गेट आइस!"

समोर रक्त नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही मी धावत जाऊन फ्रीझर उघडला! आत पांढरी बाटली फुटलेली, आणि अनघाने आजच्यासाठी करून ठेवलेल्या मोदकांवर काचा आणि वाइनचा बर्फ.

"मोदक..." अनघा म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात इतक्या हळू आवाजात तिने मला कधी झापलं नव्हतं.

"बाबा! व्हाय आर यू लाइक धिस?" केतकीच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, मोडलं लग्न!

तेवढ्यात जमिनीवर पडल्या पडल्या आप्पांनी मिशीवर ओघळलेला थेंब चाटला.

"माल चांगला आहे," त्यांनी निकाल दिला. "फक्त असा फवारायचा नसतो."

केतकीने रडत रडतच भाषांतर केलं. लिंडाने नॅपकिन उचलून हुंगला, आणि हसता हसता तीही आप्पांशेजारी जमिनीवर बसली. जेवताना दोघा व्याह्यांनी तीन-तीन ग्लास ताक प्यायलं आणि रेसिपी लिहून नेली.

आता साखरपुडा ठरलाय. केतकीने सगळ्यांना कामं वाटून दिली. मी शेवटपर्यंत वाट बघितली आणि मग न राहवून विचारलं, "आणि मी?"

"बाबा, तू पाण्याच्या बाटल्या टेबलांवर ठेव."

"बस, एवढंच?"

"हो. आणि प्लीज, उघडू नकोस. उघडायला डॅनियल आहे."